उघड्या कानांचे नाना

स्वारगेटच्या कुठल्याही बसथांब्यावर पाच मिनिटं उभे राहा, एक तरी नाना भेटतील. घरी त्यांना अण्णा म्हणत असतील नाहीतर आबा, पण वाण तोच. साठी उलटलेली, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कुठल्याशा पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची पिशवी, आणि कानांवर वायरलेस बड्स. ‘कानांत’ म्हटलं तर नाना लगेच सुधारतात. कानांत घालायचे वेगळे. हे कानांवर बसतात, कान मोकळा राहतो, याला ओपन इयर म्हणतात.

माझ्या वाट्याला आलेले नाना मुकुंदनगरात आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. ओपन इयरबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते जिन्यात, दुधाची पिशवी हातात गळत असताना कळलेलं आहे. मी विचारलेलं नव्हतं. नेहमीचे बड्स रबरी बूच मारून कानाचं भोक बंद करतात. ओपन इयरमध्ये दोन घराणी. एक कानामागून आकडा टाकून लटकतं, दुसरं कानाच्या कडेला चिमटा घेऊन बसतं. दोन्हींतला स्पीकर कानाच्या भोकासमोर, पण बाहेर अधांतरी राहून वाजतो. बोस कंपनीने २०२४ साली चिमटा घराण्याचे बड्स काढले, तेव्हा अमेरिकेत त्यांची किंमत २९९ डॉलर होती. नानांनी त्याचे रुपये करून पाहिले आणि अमेरिकेतल्या लोकांबद्दल मनापासून वाईट वाटून घेतलं. त्यांची स्वतःची मर्यादा दोन हजार. त्याच्या वर गेलं की ती ऐकायची वस्तू राहत नाही, दागिना होतो, आणि दागिना घ्यायचा तर सोन्याचाच घ्यावा, असं त्यांचं मत. आता देशी कंपन्यांनीही दीड-दोन हजारांत ही वस्तू आणल्यामुळे नानांना मत मांडायला भरपूर वाव मिळाला आहे.

घ्यायचा एक, पण तपासायचे सगळे, हा नानांचा बाणा. इमारतीत कुणीही नवे बड्स आणले की ते आधी नानांकडे जातात. जात नाहीत, नाना येऊन नेतात. भाचे, पुतणे, दूधवाल्याचा मुलगा, रात्रीचा वॉचमन, कुणालाही सूट नाही. स्टँडाबाहेर फुटपाथवर चार्जर, केबल आणि बड्स विकणारा पोरगा नाना दुरून दिसले की उघडी खोकी मिटायला लागतो. गिऱ्हाईक म्हणून नानांचा अनुभव त्याने भरपूर घेतला आहे, विक्री अजून व्हायची आहे.

तपासणीची जागा मात्र ठरलेली: स्वारगेट. “घरात कुणीही वाजतं,” नाना म्हणतात. “स्वारगेटला वाजून दाखवा.” सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, टिळक रस्ता, शिवाजी रस्ता सगळे येऊन जेधे चौकात गुंततात, डोक्यावरून उड्डाणपूल जातो, पीएमपीच्या गाड्या कात्रज आणि हडपसरच्या दिशेने सुटतात, एसटी स्टँडातून “सातारा, सातारा, सातारा” चाललेलं असतं, आणि या सगळ्याच्या वर रिक्षावाल्यांचं “कुठं जायचं?” असतं. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ६५ डेसिबल आहे. हा नियम स्वारगेटला कुणी मोठ्याने वाचून दाखवला तरी ऐकू जाणार नाही.

तिथे नाना उभे राहतात आणि एलआयसीची डायरी काढतात. डायरीत आखणी केलेली. पहिला रकाना ‘आवाज’, दुसरा ‘आराम’, तिसरा ‘किंमत’. चौथा रकानाही आहे, पण त्याला मथळा नाही. त्याच्याकडे मागाहून येतो.

आवाजाची परीक्षा भीमसेनांच्या पुरिया धनाश्रीवर होते. गाण्याच्याही आधी, नुसत्या तंबोऱ्यावर. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ६९ कंपनं. एवढा खालचा स्वर वाजवायचा तर हवा ढकलावी लागते, आणि ढकललेली हवा कानात कोंडावी लागते. बूच मारलेल्या बड्सना ते जमतं. इथे कान उघडा, त्यामुळे खर्ज कानात शिरायच्या आत स्वारगेटच्या हवेत पांगतो. शिवाय पडद्याच्या पुढच्या बाजूची लाट आणि मागच्या बाजूची लाट उघड्यावर एकमेकींना गाठून खालचे स्वर आपसांतच मिटवून टाकतात. म्हणून ओपन इयरवाले स्पीकरचा आकार वाढवतात, बारा मिलिमीटर, कुठे सोळा, आणि खोक्यावर तो आकडा कंपनीच्या नावापेक्षा मोठा छापतात. नाना खोक्यावरचं वाचतात, ऐकतात आणि ‘खर्ज: नाही’ असं लिहितात.

पण हाडाचे पुणेकर असल्यामुळे नानांना तिथे थांबता येत नाही. खर्ज नाही, तरी तंबोरा ऐकू येतोच की. कसा? याचं उत्तर त्यांनी शोधून काढलं आहे आणि ते खरंही आहे. मूळ स्वर गायब असला तरी त्याच्यावरचे उपस्वर कानात येत असतात, आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून मूळ स्वर कुठला असणार ते ओळखून आपल्या पदरचा भरून काढतो. “म्हणजे बघ,” नाना म्हणाले, “अठराशे रुपये कंपनीने घेतले आणि खर्ज माझा मी लावतोय.” याचे पैसे परत मागता येतील का, याचा त्यांनी काही दिवस गांभीर्याने विचार केला.

स्वारगेटला दुसरीच गोची होते. बसच्या इंजिनाची घरघरही खालच्या पट्टीतली. बड्सनी जो थोडाफार खर्ज पोचवला असेल तो पीएमपीची गाडी गिळून टाकते. मग आवाज वाढवायचा मोह होतो. इथे नाना एकदम शहाण्यासारखं वागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तास ऐकलं तर चालतं, ९० डेसिबलवर मात्र चारच तास. नानांनी हे कात्रण डायरीच्या पुठ्ठ्याला चिकटवलं आहे आणि स्वारगेटला ते आवाज निम्म्यावर ठेवतात. निम्म्यावर ठेवल्यावर गाणं ऐकू येत नाही. तक्रार नाही. एवढ्या तक्रारखोर माणसाची या बाबतीत मुळीच तक्रार नाही, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता.

आरामाच्या रकान्यात नाना जास्त लिहितात. कानामागे जागा मुळात थोडी. तिथे चष्म्याच्या दांडीची पन्नास वर्षांची वहिवाट. करोनात मास्कचा दोरा आला आणि गेला. आता हा आकडा. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण नानांनी या संदर्भात इतक्या वेळा वापरली आहे की काकू ती ऐकल्या ऐकल्या आत निघून जातात. आकड्याचा बड आठ-दहा ग्रॅम भरतो, चिमट्याचा पाच-सहा. म्हणून नाना चिमटा घराण्याकडे वळले. चष्म्याचा प्रश्न मिटला, पण चिमट्याने पहिला तास गुदगुल्या होतात, दुसऱ्या तासाला तिथे काहीतरी आहे एवढं जाणवतं, आणि तिसऱ्या तासाला शाळेतले मास्तर आठवतात. सैल चिमटा दुखत नाही, पण बसमध्ये चढताना पडतो. घट्ट चिमटा पडत नाही, पण उतरवल्यावर कानावर वळ राहतो. याच्या मधला चिमटा दोन हजारांच्या आत मिळतो की नाही, हे नानांच्या निवृत्त आयुष्याचं ध्येय होऊन बसलं आहे.

सारसबागेत सकाळी फिरताना एका आजींनी त्यांना थांबवून विचारलं होतं, “भिकबाळी दोन्ही कानांत घालतात का हल्ली?” नानांनी त्यांना स्पीकरचा व्यास सांगितला.

हेल्मेटचं प्रकरण वेगळं. पुण्यात हेल्मेटच्या विरोधात जितके मुद्दे निघायचे तितके निघून गेले होते. मान अवघडते, केस गळतात, शहरात वेगच कुठे असतो, सगळं झालं. नानांनी तेराशे रुपयांच्या चिमट्याच्या जोरावर नवा मुद्दा काढला. हेल्मेट उतरवताना डावा बड उडतो. उजवा का नाही, डावाच का, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. तोपर्यंत स्कूटर जिन्याखाली झाकून ठेवली आहे आणि नाना बसने फिरतात. बसने फिरायचं म्हणजे स्वारगेट आलंच.

आता चौथा रकाना. एकदा नाना माझ्याकडे डायरी विसरून गेले आणि परत न्यायला येईपर्यंत मी ती वाचली. (पुण्यात दुसऱ्याची डायरी वाचत नाहीत. पण नाना दुसऱ्यांचं काय काय करतात ते पुढे येईलच.) चौथ्या रकान्यात अशा नोंदी होत्या: ‘वाईच्या बाई, सुनेबद्दल, पूर्ण.’ ‘एमपीएससीवाली दोन मुलं, खोलीभाडं, पूर्ण.’ ‘जोडपं, भांडण, अर्धं, मध्ये निगडी आली.’ ‘कंडक्टर आणि कंट्रोलर, ड्युटीवरून, शेवटचं वाक्य निसटलं, चिमटा घट्ट.’

मग सगळा उलगडा झाला. भीमसेन निम्म्यावर का, आणि त्याची तक्रार का नाही. ओपन इयर बड्सची जाहिरात सांगते की गाणं ऐकता ऐकता तुम्हाला भोवतालचंही भान राहील. नाना भोवतालचं ऐकता ऐकता गाण्याचं भान ठेवतात. नुसता कान देऊन बसलेला म्हातारा लोकांना खटकतो, ते आवाज खाली करतात, पाठ फिरवतात. पण ज्याच्या कानाला काहीतरी लावलेलं आहे त्याच्यासमोर माणसं सासूपासून शेअरपर्यंत सगळं मोकळेपणाने बोलतात. तो बिचारा गाणं ऐकतोय! संभाषण रंगात आलं की नाना चष्मा सावरल्यासारखं करून बडवर हलकेच टिचकी मारतात. बघणाऱ्याला वाटतं, यांनी आवाज वाढवला. वास्तविक भीमसेन थांबलेले असतात.

यात नानांचा दोष नाही, खात्याचा आहे. नाना टेलिफोनमध्ये होते, ट्रंक एक्स्चेंजला. ज्या काळात परगावी फोन लावायचा म्हणजे आधी नंबर नोंदवून घरात वाट बघत बसायचं, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच एक आवाज यायचा, त्या काळातला तो मध्येच येणारा आवाज म्हणजे नाना. ऑपरेटरच्या डोक्यावर हेडसेट, पण फोन एकाच कानाला. दुसरा कान उघडा, सुपरवायझरसाठी. एका कानात कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी, दुसऱ्या कानात शेजारच्या टेबलावरची बदलीची बातमी. लाइन जुळली की नाही, बोलणं संपलं की नाही, हे ऐकल्याशिवाय कळणार कसं? ऐकायचा त्यांना पगार होता. पुढे एसटीडी आलं, माणसं थेट एकमेकांशी बोलायला लागली, आणि नानांच्या आयुष्यात जी शांतता पसरली ती या चिमट्यांनी मोडली.

एक जुनी सवय मात्र सुटलेली नाही. ऐकलेल्या संभाषणात ते मध्येच येतात. वाईच्या बाईंना त्यांनी, सुनेचा विषय संपेपर्यंत सभ्यपणे थांबून, सांगितलं होतं, “ताई, माफ करा, पण तुम्ही म्हणताय ती गाडी महाबळेश्वरची आहे, वाईला उतरता येईल, गर्दी असते एवढंच. आणि सून म्हणते त्यात थोडं तथ्य आहे.” बाई आधी नानांच्या कानांकडे आणि मग पिशवीकडे बघत राहिल्या. नानांची गाडी आली म्हणून वाद वाढला नाही.

दुसऱ्याने असं केलेलं मात्र त्यांना खपत नाही. ओपन इयरचा एक ठरलेला दोष आहे, आवाज बाहेर सांडतो. उघड्यावर वाजणारा स्पीकर फक्त मालकासाठी वाजेल अशी व्यवस्था महागड्या बड्समध्ये थोडीफार करतात, स्वस्तात ती नावापुरती. एकदा बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी नानांच्या खांद्याला हात लावून विचारलं, “मारवा ना?” नाना म्हणाले, “पुरिया धनाश्री.” गृहस्थ म्हणाले, “मग पंचम कुठंय?” पंचम होता, पण तो कात्रजच्या बसखाली सापडला होता. पद्मावतीपर्यंत दोघांची जुंपली. घरी आल्यावर नाना माझ्याकडे येऊन पाच मिनिटं धुमसत होते. “काय माणसं असतात रे! दुसऱ्याच्या कानातलं ऐकत बसायचं? काही रीतभात?”

मेट्रो नानांना मानवली नाही. स्वारगेटचं भुयारी स्टेशन २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते डायरी घेऊन खाली उतरले. आवाजाच्या दृष्टीने जागा उत्तम. बसची घरघर नाही, रिक्षावाला नाही, गारवा आहे. तंबोरा वरच्यापेक्षा कितीतरी बरा ऐकू आला, असं त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं आहे. चौथा रकाना कोरा. मेट्रोतली तरुण मंडळी सगळी कानात बुचं मारून, मान खाली घालून उभी. कुणी कुणाशी बोलत नाही. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय, तीन स्टेशनं गेली तरी एक चुगली नाही. नाना न्यायालयाला उतरले आणि बसने परत आले.

सवाई गंधर्वला मात्र त्यांचा हंगाम असतो. १९५३ पासून चालत आलेला हा महोत्सव वर्षानुवर्षं रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, अलीकडे तो मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. म्हणजे नानांच्या चपलेच्या अंतरावर. डिसेंबरच्या थंडीत कानटोपी, कानटोपीखाली चिमटा, आणि चिमट्यात भीमसेन. समोर तरुण गायक पुरिया धनाश्री मांडतोय, तर नानांच्या कानात, अगदी बारीक, तोच राग भीमसेनांचा. तुलनेसाठी. “नुसतं समोरचं ऐकून मत कसं देणार?” आणि तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी निवडीवरून, घराण्यावरून, चहाच्या स्टॉलवरून काही बोललं तर तेही वाया जाऊ नये. तीन आवाज एकाच वेळी सांभाळायचं हे काम मी मी म्हणणाऱ्या रसिकाला जमणार नाही. ट्रंक एक्स्चेंजची तालीमच लागते. गेल्या खेपेला मध्यंतरात ते म्हणाले की मुलगा बरा गायला, भीमसेन अर्थातच वरचढ, पण सर्वांत जमलेली बैठक मागच्या रांगेतली, सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या वाटणीची.

या दिवाळीत नानांच्या मुलाने बंगळुरूहून त्यांना भारी बड्स पाठवले. बूच मारायचे, बाहेरचा आवाज मारणारे. दोन हजारांच्या मर्यादेचा प्रश्न नव्हता, भेट होती. नानांनी ते स्वारगेटला नेले. कानात घातले, बटण दाबलं, आणि जेधे चौक बंद पडला. इंजिनं गेली, घरघर गेली. तंबोऱ्याचा खर्ज, खराखुरा, मेंदूने भरलेला नव्हे, पोटात उतरला. ‘आवाज’ या रकान्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी दिले. ‘आराम’मध्येही चांगले दिले. मग समोरच्या बाकावर दोन बायका अगदी डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलताना दिसल्या. ओठ हलताहेत, हात हलताहेत, एकीने तर कपाळावर हात मारून घेतला, आणि नानांच्या कानात भीमसेन. त्याच संध्याकाळी त्यांनी ते बड्स काकूंना देऊन टाकले.

काकूंना ते फार आवडले. स्वयंपाक करताना घालतात, भाजी निवडताना घालतात, दुपारी आडव्या होताना घालतात. परवा नाना जिन्यात भेटले तेव्हा जरा चिंतेत होते.

“तो सेट बिघडला बहुतेक.”

“एवढ्यात?”

“त्याचं शास्त्र असं आहे,” पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत नाना म्हणाले. म्हणजे वेळ लागणार होता. “आत छोटा माइक असतो. तो बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो. दोन्ही एकमेकींना मारतात. पण हे जमतं कुठल्या आवाजाला? जो एका सुरात, खालच्या पट्टीत, न थांबता चालू असतो त्याला. इंजिन, पंखा, फ्रिज. अचानक येणारा, चढउताराचा आवाज त्याला पुरता मारता येत नाही. बेल वाजली, कुणी हाक मारली, तर थोडंफार ऐकू यायलाच हवं.”

“मग?”

“तेच तर. हिला कुकरची शिट्टी ऐकू येते. दाराची बेल ऐकू येते. तुझी आई वरच्या गॅलरीतून कुजबुजली तरी हिला ऐकू येतं. मी समोर खुर्चीत बसून तासभर बोलतोय, तर एक शब्द पोचत नाही. म्हणजे यंत्राने कशाला तरी भलतंच समजलंय की नाही?”

“काकूंना विचारलंत?”

“तीनदा विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“बोटं दाखवली. शिट्ट्या मोजत होती.” नानांनी डायरी बाहेर काढून त्यात खोचलेलं बिल तपासलं. “वॉरंटीत आहे. सर्व्हिस सेंटरला जाऊन येतो.”